सिस्टरांच्या गाडीची टकटक

"पण मग बोर्डावर माझं नाव कधी लागणार, उस्ताद?"

याकूबभाई बशीतला चहा फुंकत होते. ते फुंकतच राहिले.

निफाडच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज. पत्र्याची शेड, पुढं अंगण आणि दारावर एक गंजका बोर्ड, 'याकूब मिस्त्री'. सोपान गायखे तिथं चार वर्षं काम शिकत होता. हात चांगला होता त्याचा, आणि जीभ हातापेक्षाही वळवळी. शेडमागं पोत्याखाली त्यानं एक नवा बोर्ड रंगवून लपवून ठेवला होता. त्यावर दोन नावं होती. खरं सांगायचं तर दुसरं नाव जरा मोठंच पडलं होतं.

"चार वर्षांत एक दिवस उशीर नाही," सोपान म्हणाला. "तुम्ही यायच्या आत सगळ्या गाड्या चालू करून अंगणात काढतो. शेड झाडतो. उदबत्ती लावतो. तुम्ही येता तेव्हा एकही इंजिन थंड नसतं. कुठल्या गॅरेजात होतं असं?"

"कुठंच नाही."

"मग?"

याकूबभाईंनी उरलेला चहा बशीत ओतला.

तेवढ्यात सिस्टरांची गाडी अंगणात शिरली.

सिस्टर म्हणजे शशिकलाबाई निकम, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. गाडी पांढरी, पेट्रोलची, छत्तीस वर्षांची. चौदा किलोमीटरवरच्या त्यांच्या गावात कुणी बाई अडली की दवाखान्यात न्यायला हीच गाडी निघायची आणि सिस्टरच ती चालवायच्या.

"याकूबभाऊ, सकाळी चालू केली की टकटक करते हो. आतून कुणी दार वाजवतंय असं. मग थांबते आपोआप."

सोपाननं बॉनेट उघडलं. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवला, मूठ कानाला लावली. इंजिन सायीसारखं मऊ चालत होतं.

"ही तिसरी खेप, सिस्टर. काही वाजत नाही. एकदा कान दाखवून घ्या."

सिस्टरांचा चेहरा उतरला.

"चाळीस वर्षं बायांच्या पोटाला नळी लावून बाळांचे ठोके मोजलेत मी," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "पण असेलही. वय झालंच की. मग विकूनच टाकते ही. एखादीला घेऊन निघाले आणि मधेच बंद पडली तर काय तोंड दाखवू?"

याकूबभाई उठले. सोपाननं बॉनेट लावलं होतं, त्यावर त्यांनी पंजा ठेवला.

"गरम आहे."

"चौदा किलोमीटर आली, उस्ताद. गरम नसेल तर काय!" सोपान हसला.

"सिस्टर, दोन दिवस गाडी इथं राहू द्या. परवा सकाळच्या एसटीनं या."

दुसऱ्या दिवशी याकूबभाई साडेसातला आले. गाड्या अंगणात ओळीनं उभ्या होत्या, सगळी इंजिनं चालू. सोपानच्या मोबाइलवर आरती दणदणत होती. पांढरी गाडी सगळ्यात पुढं, बॉनेटवर झेंडूचं फूल.

"ऐका, उस्ताद! टकटक नाही, काही नाही. मी म्हटलंच होतं."

याकूबभाईंनी फूल बाजूला सारलं. पंजा ठेवला. उचलला.

"उद्या," एवढंच म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

तिसऱ्या दिवशी निफाडची थंडी अशी होती की नळाची तोटी धरवत नव्हती. सोपान सहाला आला. कुलूप आधीच उघडलेलं. आत पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर घोंगडी पांघरून कुणीतरी बसलं होतं.

"कोण आहे रे?"

घोंगडीतून याकूबभाईंचं नाक बाहेर आलं.

"उस्ताद! तिथं काय करताय? उतरा, गाडी बाहेर काढायचीय."

"नाही काढायची."

"शेड झाडायचीय."

"नाही झाडायची."

"उदबत्ती तरी..."

"सोपान, काल ही गाडी कुणी चालू केली?"

"मीच."

"थंड होती?"

"गार दगड."

"मग काय ऐकलंस?"

सोपाननं आठवून पाहिलं. एकीची किल्ली फिरवायची, तिला सोडून दुसरीकडं पळायचं, मग तिसरी. वर आरती. आणि डोक्यात नव्या बोर्डाचा पिवळा रंग.

"...काही नाही."

"चार वर्षं," याकूबभाई म्हणाले, "इथली प्रत्येक गाडी सकाळी पहिल्यांदा तुझ्यापाशी बोलली. माझ्या वाट्याला गरम इंजिनं यायची. मी गप्प राहिलो... मला वाटलं, तू ऐकतोयस."

सोपानला फार वाईट वाटलं. त्यानं मोबाइल खिशातून काढला आणि बंद करून फळीवर ठेवला.

सिस्टर आल्या तेव्हा शेडमध्ये अशी शांतता होती की त्यांनी चपला बाहेर काढल्या.

"चपला घाला, सिस्टर. फरशीवर ऑइल आहे," याकूबभाई म्हणाले. "आणि किल्ली तुम्हीच फिरवा."

इंजिन खोकलं, थरथरलं, चालू झालं.

टक टक टक टक टक.

सिस्टर गाडीतच टाळी वाजवून ओरडल्या, "ऐका! ऐका! माझे कान शाबूत आहेत!"

सोपाननं कानाची पाळी धरली आणि मान खाली घातली. "चुकलो, सिस्टर."

"नंतर चूक. आधी ऐक," याकूबभाई म्हणाले. "दीड-दोन मिनिटं आहेत."

सोपान बॉनेट उघडून वाकला. हातात जाड कापड घेऊन त्यानं पहिल्या प्लगची वायर काढली, म्हणजे तेवढा एक सिलिंडर बंद. इंजिन अडखळलं, टकटक तशीच. वायर परत लावली. दुसरी काढली, तशीच. तिसरी काढली आणि टकटक एकदम दबली. लावली, पुन्हा सुरू. चौथी काढून पाहिली, तशीच.

"तीन नंबर!" तो ओरडला. "तिसरा पिस्टन झिजलाय, उस्ताद. थंडीत सैल पडतो, सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो. तापला की फुगतो आणि गप्प बसतो."

आणि खरंच, तो बोलत असतानाच टकटक विरत गेली. राहिली फक्त घरघर.

"शाब्बास," याकूबभाई म्हणाले.

चार वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले. सोपान तिथल्या तिथं वीतभर उंच झाला. त्यानं पेटीतून पाना उचलला.

"इंजिन उतरवतो! आठ दिवसांत खोलून, बोअर करून, नवे पिस्टन टाकून देतो!"

सिस्टरांनी घाबरून इंजिनच बंद केलं. "आठ दिवस? अहो, आमच्या आळीत दोघीजणींचे दिवस भरत आलेत."

याकूबभाई बॉनेटवरून उतरून स्टुलावर बसले होते. ते आता उठले.

कट... कट... कट.

गुडघे एवढ्या मोठ्यानं वाजले की सिस्टरांनीही वळून पाहिलं.

याकूबभाई सावकाश अंगणाच्या कडेपर्यंत चालत गेले. तिथून परत आले. सोपानसमोर उभे राहिले.

"आता वाजतायत?"

सोपाननं खाली वाकून गुडघ्यांजवळ कान नेला. "नाही, उस्ताद."

"नाशिकचा डॉक्टर म्हणतो, खोलतो आणि नव्या वाट्या बसवतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आधी चार पावलं चालून बघतो. अकरा वर्षं झाली."

सिस्टर एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

सोपान इंजिनकडं बघत राहिला. मग त्यानं हातातला पाना पेटीत ठेवून दिला. ऑइलची पट्टी ओढून पाहिली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली.

"सिस्टर," तो म्हणाला, आणि आवाज त्याचा स्वतःचाच त्याला नवा वाटला, "चालू केली की दोन मिनिटं थांबा. मग सावकाश निघा, लगेच पळवू नका. दर आठवड्याला ऑइल बघा. टकटक दोनाची चार मिनिटं व्हायला लागली तर घेऊन या. आणि तापल्यावर वाजली तर जिथं असाल तिथं थांबवा, मला फोन करा. मी येतो. पण आज ही तुमच्याइतकीच धडधाकट आहे."

"आणि विकायची?"

"कशाला? उठताना कुरकुर करते, एवढंच."

सिस्टर गेल्या. गाडी गावाच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्या हॉर्न वाजवत होत्या.

सोपान परत शेडमध्ये आला.

"उस्ताद... बोर्डाचं मी पुन्हा विचारणार नाही."

याकूबभाई बशीतला चहा फुंकत राहिले.

दुसऱ्या दिवशी साडेसातला याकूबभाई आले तेव्हा अंगण रिकामं होतं. आरती नाही, इंजिनांची घरघर नाही. कोपऱ्यात उदबत्ती तेवढी जळत होती. गाड्या शेडमध्येच आणि शेड अजून झाडलेली नव्हती. एका निळ्या गाडीच्या बॉनेटवर पंजा ठेवून सोपान बसला होता.

"काय चाललंय?"

"एक ऐकून झाली, उस्ताद," सोपान हलक्या आवाजात म्हणाला. "तिचा पंख्याचा पट्टा चिरकतो. ही दुसरी. चालू करायचीय अजून."

याकूबभाई शेडमागं गेले. पोतं ओढल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या काखेत पिवळा बोर्ड होता आणि हातात हातोडी.

सोपानचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"तुम्हाला... माहीत होतं?"

याकूबभाईंनी बोर्ड हातभर लांब धरून पाहिला. मोठं नाव पाहिलं, लहान नाव पाहिलं. मग हातोडी सोपानच्या हातात दिली.

"खिळे हळू मार. निळी अजून उठली नाही."