पहिला पेपर

"...मग पहिला पेपर कुठला ठेवू, बाबा?"

सुचेताबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. विद्यापीठात माहिती सुरक्षेचा नवा अभ्यासक्रम त्या बसवत होत्या. एक्केचाळीस विषय लिहून झाले, पहिलीच ओळ कोरी. उद्या समितीपुढे फाईल ठेवायची होती, आणि मनाला काही पटत नव्हतं.

सातेगावकर बाबांच्या मठात गुप्त लिपीतली एक जुनी पोथी होती. तिचं गुपित कळलं की पहिला पेपर मिळाला, असं बाईंना वाटलं होतं.

बाबांनी तर विचारल्याबरोबर सांगून टाकलं. कुठल्या अक्षराच्या जागी कुठलं अक्षर, सगळं एका कागदावर.

"हे तर माझी मुलं दहा मिनिटांत फोडतील," बाई हसल्या.

"दहा कशाला? हुशार असतील की."

"मग इतक्या पिढ्या ही टिकली कशी?"

बाबांनी पोथी पुढ्यात ओढली...

तेवढ्यात एक पोरगेली बाई आली. कडेवर तान्हं लेकरू, गालावर बोटांचे वळ. दंडवत घालून ती बाबांच्या कानाशी लागली. बराच वेळ कुजबुजत होती. बाबांनी ऐकून घेतलं आणि मागच्या दाराकडं बोट केलं. ती लगबगीनं गेली. लेकराचं टोपडं तेवढं सतरंजीवर पडून राहिलं.

"काय म्हणाली हो ती?"

बाबा पोथीवरची धूळ पुसत राहिले.

"नाव नका सांगू. नुसतं..."

बाबांनी वर पाहिलं. नजरेत राग नव्हता. इतकं घट्ट मिटलेलं दार बाईंनी कुठल्याच यंत्रात पाहिलं नव्हतं, आणि तेही असं मायेनं मिटलेलं.

फाटकाशी मोटारसायकल थांबली. एक माणूस तरातरा आत आला.

"बाबा, माझी बायको आली होती का इकडं? लेकरू घेऊन निघालीय."

"पाणी घ्या," बाबा म्हणाले.

"पाणी राहू द्या. बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या दिसता. तुम्ही सांगा."

बाईंची नजर टोपड्यावर गेली. त्यांनी मांडीवरची फाईल उचलली अन् सतरंजीवर ठेवली. बरोबर टोपड्यावर.

"मी अभ्यासक्रमाचं विचारायला आलेय, दादा. माझा जीव त्याच्यात अडकलाय."

तो उभाच राहिला. मागचं दार सताड उघडं होतं. पलीकडं डोक्याइतकी उंच वाढलेली तूर, वाऱ्यानं हलणारी...

मग पाय आपटत तो आल्या वाटेनं निघून गेला.

गाडीचा आवाज विरला.

बाबांनी फाईलखालून टोपडं अलगद काढलं. पोथीच्या बासनात ठेवलं. वरून गाठ मारली.

"हं," ते म्हणाले, "तुम्ही काहीतरी विचारत होता..."