इस्त्री वाढव

"चूक कुणाची मानायची, अक्का? सांगणारीची, की न ऐकणारीची?"

सगुणाताई उंबऱ्यातच उभ्या होत्या. आत जायचा धीर नव्हता, आणि मागे फिरायचाही.

अक्का खिडकीशी बसून जळक्या शेल्याचा धावदोरा उसवत होत्या. डोंगरावरच्या त्या देवीच्या मठात त्यांचा सारा जन्म गेलेला. बायका त्यांना गुरू मानायच्या, अक्का स्वतःला देवीची शिंपीण म्हणवायच्या.

"ऐकलं कुणी नाही?"

"हौसानं. दुसरं कोण?"

"आणि सांगितलं कुणी?"

"...मी."

अक्कांनी दोरा ओढून काढला आणि बोटाला गुंडाळला.

मठाची शिवणखोली सगुणाताईंच्या हाताखाली चाले. देवीच्या चोळ्या, शेले, पडदे, सगळं. हात नेटका आणि जीभ त्याहून नेटकी. अमंगळ शब्द तोंडातून काढायचा नाही, हे त्यांचं व्रत. कुंकू संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, बंद करायचा नाही... वाढवायचा.

इथवर सगळ्याच करतात. पण सगुणाताईंनी शिवणखोलीतली इस्त्रीसुद्धा त्यातून सोडली नव्हती. "तिच्या पोटात अग्नी असतो गं," त्या म्हणायच्या. "बंद कसली करता? वाढवा."

बायका आधी हसल्या, मग सवयीनं त्याही तसंच म्हणू लागल्या. कुणी चुकलीच, तर सगुणाताई हातातलं काम ठेवून तिला दुरुस्त करायच्या. त्यात त्यांना गोड वाटायचं. जरा जास्तच गोड वाटायचं.

हौसा नवी. नवरात्राच्या शिवणाला हात कमी पडतात म्हणून परवाच लांबच्या एका पाड्यावरून आलेली.

काल दुपारी घटस्थापनेच्या शेल्यावर सगुणाताई इस्त्री फिरवत होत्या आणि आरतीची घंटा झाली. त्यांनी इस्त्री टेबलावरच्या जुन्या तव्यावर ठेवली, पदर सावरला आणि जाता जाता हौसाला हाक दिली, "इस्त्री वाढव गं, आणि ये लगेच!"

आरती निम्म्यावर आली असेल नसेल, तोच करपल्याचा वास आला.

सगुणाताई सगळ्यांच्या आधी धावत पोचल्या. तव्याखालची घोंगडी धुमसत होती. शेल्याचा जरीकाठ तव्याला टेकून तळहाताएवढा जळाला होता. त्यांनी इस्त्रीची पिन भिंतीतून ओढून काढली, तांब्यातलं पाणी ओतलं... आणि त्यांची नजर इस्त्रीवरच्या गोल बटणाकडे गेली.

रेशमासाठी त्यांनी ते अगदी कमीवर ठेवलं होतं. आता ते पार शेवटच्या खुणेवर होतं.

वाढव.

पोरीनं वाढवली होती. सांगितलं तेच केलं होतं.

बाहेर पावलं वाजली. सगुणाताईंच्या अंगठ्यानं ते बटण हळूच मागे फिरवलं... होतं तिथं.

"हौसाला मी सांगून गेले होते," त्या जमलेल्या बायकांना म्हणाल्या. "इस्त्री वाढव म्हणून सांगितलं होतं."

"वाढीवली व्हती की, ताई!" हौसा कळवळून म्हणाली.

"वाढवली होती, तर जळलं कसं गं बाई?" कुणीतरी टोला हाणला. "देवीनं फुंकर घातली काय?"

बायका हसल्या. हौसानं इस्त्रीकडे पाहिलं. बटण कमीवर होतं. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं, परत बटणाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

ती मान सगुणाताईंच्या डोळ्यांपुढून रात्रभर हलली नव्हती. आज हौसा दुपारच्या एसटीनं परत जायची होती. तिला जा कुणी म्हटलं नव्हतं, तशी राहा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

आणि सगुणाताई आल्या होत्या अक्कांकडून एवढंच ऐकायला, की बाई, तुझं काही चुकलं नाही.

"हौसा!" अक्कांनी हाक मारली.

हौसा आली. काखेत बोचकं, डोळे सुजलेले. तिनं लांबूनच हात जोडले.

"जाते, अक्का."

जाते नाही गं, येते म्हणावं... सगुणाताईंच्या ओठांवर आलं, आणि तिथंच थिजलं.

"जा हो," अक्का म्हणाल्या. "जायच्या आधी एक काम कर. कोनाड्यातल्या देवीपुढची तेवढी समई वाढव."

सगुणाताईंनी सवयीनं तबकातल्या फुलाकडे पाहिलं. फुलानं वात शांत करायची, ही मठाची रीत.

हौसानं बोचकं खाली ठेवलं. हात धुतले. बुधल्यातलं तेल समईत ओतलं, काडीनं वाती पुढे सारल्या. ज्योती उंच झाल्या. देवीची नथ लखलखली, कोपऱ्यातलं शिवणयंत्र उजळलं, आणि सगुणाताईंच्या तोंडावरही उजेड पडला. त्यांनी मान वळवली.

"झाली वाढवून?"

"व्हय. आजून वाढवू?"

"पुरे. तुमच्याकडं निजायच्या वेळी दिव्याचं काय करतात गं?"

"इझवत्यात की, अक्का. न्हाई तर त्याल जळत ऱ्हातं."



मग अक्का शेला झटकत म्हणाल्या, "बघ सगुणा. शब्दाचा घोळ झाला. तुझीही चूक नाही, हिचीही नाही. मिटलं."

मिटलं! सगुणाताई ज्यासाठी आल्या होत्या, तेच हातात पडलं होतं. आता नमस्कार करून बाहेर पडलं की झालं.

पण हौसा बोचकं उचलता उचलता थांबली.

"मिटलं कसं, अक्का? मी बटण फिरीवलं व्हतं... मला तसं वाटतंय. पर बघितलं तर ते फिरल्यालंच न्हाई. माझं मलाच आता खरं वाटंना. घरी गेल्यावर काय सांगू, डोकं फिरलंया म्हनून?"

सगुणाताईंनी चौकट घट्ट धरली.

"फिरवलं होतंस तू."

"काय, ताई?"

"फिरवलं होतंस. मी सांगितलं तसंच. आणि मग... बायका यायच्या आत मी ते मागे फिरवलं. ह्या अंगठ्यानं."

हौसा बघतच राहिली. रागावेल, शिव्या देईल, असं सगुणाताईंना वाटलं. त्यांना ते हवंही होतं. पण पोर मटकन खाली बसली आणि पदर तोंडात धरून हुंदके देऊ लागली.

"म्हंजी... माझं डोकं शाबूत हाय... बया, शाबूत हाय माझं..."

याहून एक थप्पड बरी होती. सगुणाताई धावल्या आणि अक्कांच्या पायांशी वाकल्या.

अक्कांनी पाय मागे घेतले. लुगड्याखाली झाकून घेतले.

सगुणाताई तशाच वाकलेल्या राहिल्या, रिकाम्या जमिनीपुढे... मग हळूहळू वळल्या. हौसाचं बोचकं त्यांनी स्वतःच्या काखेत घेतलं.

"ऊठ, बाई. पंगत बसायची वेळ झाली. काल सगळ्या जमल्या होत्या ना, त्या सगळ्या आज तिथं असतील. त्यांच्यापुढं बोलते. हसू देत मग, माझ्यावर."

"माझी गाडी चुकंल, ताई."

"चुकू दे. शेल्याला नवा काठ कोण लावेल? मी एकटी?"

हौसानं नाक पुसलं. दोघी निघाल्या.

दारात सगुणाताईंना आठवलं. समई मघासारखीच उंच जळत होती. त्या थांबल्या. जन्मभराच्या सवयीचा तो शब्द ओठांशी आला, पण आज तो उच्चारायची लाज वाटली. आणि दुसरा शब्द काही केल्या सापडेना.

"अक्का... ह्या समईचं... मी काय करू?"

अक्का सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"वाढव."