गुलाबी मुशी

समुद्रात अशी एक मासळी नाही जी मी ओळखत नाही. म्हणजे, बाजारात आलेली. म्हणजे, बायकोने घरी आणून वर नावही सांगितलेली.

“धाक्या, जिवंत आहे की मेलेली?” लतीफचाचांनी विचारलं.

लतीफचाचा आमचे तांडेल. ट्रॉलर त्यांच्या शब्दावर चाले आणि आम्ही सात खलाशी त्यांच्या शिव्यांवर. पुढच्या हंगामापासून ते घरी बसणार होते. त्यांच्या मागे सुकाणू कुणाच्या हाती, हे त्याच फेरीत सांगतो म्हणाले होते.

एकवीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढलेली. निघताना बायकोला सांगून आलो, आता तांडेल होऊनच घरी येतो. ती म्हणाली, “येताना मीठ पण आणा.”

आणि नेमकी त्या सकाळी, दीडशे वाव खोल पाण्यातून, जाळ्यात ही निघाली.

“मुशी आहे,” मी म्हणालो.

“ते आंधळ्यालाही कळतं. जिवंत की मेलेली?”

दोन हात लांब. गुलाबी. पण कसली गुलाबी... केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू असतं ना, तशी. कपाळातून पुढं एक चपटं पातं निघालेलं, वल्ह्याच्या टोकासारखं. डोळे मिरीएवढे. तोंड पात्याच्या खाली, गपचूप मिटलेलं. देवाने घाईघाईत तीन मासळ्यांचे उरलेले तुकडे जोडले असावेत.

ती हलत नव्हती.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं खाकरलो. मासळी कशी पारखायची हे चाचांनीच मला शिकवलेलं. अंगठ्याने दाबायची. खळगा भरून आला तर ताजी, तसाच राहिला तर शिळी.

दाबली. अंगठा लोण्यात जावा तसा आत गेला. खळगा तसाच.

“मेलेली,” मी म्हणालो. “दोन-तीन दिवस झाले असतील.”

(ही जात जिवंतपणीच अशी लोळागोळा असते, आणि कातडं इतकं पातळ की आतलं रक्त दिसतं म्हणून गुलाबी, हे मला फार पुढं कॉलेजच्या एका मॅडमनी सांगितलं. तिला गॉब्लिन शार्क म्हणतात म्हणे. त्या दिवशी मॅडम ट्रॉलरवर नव्हत्या.)

चाचांनी विडी विझवली. जवळ आले. आणि सगळ्यांदेखत माझ्या पोटात अंगठा रुतवला.

खळगा भरायला बराच वेळ लागला.

“हा कधी मेला रे?” त्यांनी खलाशांना विचारलं.

“गेल्या हंगामात, चाचा!” इब्राम ओरडला.

सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. मग इरेला पेटून मुशीच्या तोंडाशी वाकलो, नीट बघावं म्हणून.

त्या मिटलेल्या तोंडातून दुसरं तोंड बाहेर आलं! अख्खा जबडाच सुटून पुढं फेकला गेला, सुयांसारख्या दातांसकट. माझ्या शर्टाची बाही गेली. हात वाचला.

“जिवंत! चाचा, जिवंत आहे!”

“मघाशी मेली होती ना?”

“मघाशी... चुकलो.”

“मुशीचं कापलेलं मुंडकंसुद्धा चावतं. इतकी कापलीस, विसरलास?”

मी पुन्हा बघितलं. जबडा बाहेरच राहिला होता. गुलाबी रंग उतरून राखेसारखा होत चालला होता. आणि शेपटी... हलली की लाटेने ट्रॉलर हलला?

“आता सांग,” चाचा म्हणाले.

अशा वेळी शहाणा शिष्य काय करतो, हे मी कीर्तनात ऐकलं होतं. हात जोडले. मान खाली घातली. आवाज जरा कापरा केला.

“चाचा, मला काहीच माहीत नाही.”

आणि आता चाचा मला पोटाशी धरतील म्हणून वाट बघत उभा राहिलो...

“तांडेलालाच माहीत नसेल,” चाचा म्हणाले, “तर ही माणसं कुणाला विचारतील? मुशीला?”

त्यांनी तिला दोन्ही हातांवर अलगद उचललं, तान्हं मूल उचलावं तसं. कठड्यापाशी नेलं. सोडलं.

छप्प असा आवाज आला.

मला रडू येईना, हसूही येईना.

“चाचा, मेलेली म्हटलं तर चूक. जिवंत म्हटलं तर चूक. माहीत नाही म्हटलं तर त्याहून चूक! मग होती तरी काय? आणि सुकाणू मला देणार की नाही, तेवढं तरी सांगा.”

चाचांनी ओले हात लुंगीला पुसले.

“पाण्यात पडल्यावर ती बुडाली की पोहली, ते बाकीच्या सहाही जणांनी वाकून बघितलं. धाक्या, तू माझ्या तोंडाकडं का बघत होतास?”