धुळाप्पा आणि मुका सिनेमा

एका गावात एक भोळा धुळाप्पा होता. भोळा आपलं आपण म्हणायचं. गाव त्याला सरळ बिनडोक म्हणे.

त्या गावात सिनेमा कंपनी आली. मालक भाऊसाहेब मुका सिनेमा काढत होते, तोही विनोदी. मुका म्हटल्यावर धुळाप्पा लाजला.

"अरे, बोलत नाही तो मुका!" भाऊसाहेब खेकसले आणि त्याला गडी म्हणून ठेवून घेतलं.

सिनेमा बघून संस्थानचे महाराज हसले तर कंपनीला गावात कायमची जागा मिळणार होती. नाही हसले तर गाशा गुंडाळायचा. महाराज सहसा हसत नसत. आणि भाऊसाहेबांच्या विनोदाला तर त्यांची स्वतःची बायकोसुद्धा हसत नसे.

पहिल्याच दिवशी नायक केळाच्या सालीवरून घसरणार होता. धुळाप्पानं धावत जाऊन साल उचलली.

"पावणं, पडला असता की!"

"गाढवा!" भाऊसाहेब ओरडले. "पडणाऱ्याला पडू द्यायचं!"

"जी मालक."

दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं कॅमेरा कलला. धुळाप्पा शेजारीच हाताची घडी घालून उभा. कॅमेरा धाडकन आपटला.

"अरे, पडताना दिसलं की मिठी मारून धरायचं! सोडायचं नाही!"

"जी मालक."

मग नायिकेला मूर्च्छा येण्याचा प्रसंग होता. बायका कुठल्या यायला तेव्हा सिनेमात! नायिका म्हणजे जनबा शिंपी, मिशी उतरवून लुगडं नेसलेला. जनबा डोळे मिटून कोसळायला लागला आणि धुळाप्पानं झेप घेऊन त्याला मिठी मारली. केसांचा टोप एकीकडे, लुगडं दुसरीकडे. चौघांनी ओढलं तरी सोडेना.

"यंत्र धरायचं रे, यंत्र! माणसाला पडू द्यायचं!"

"असं नीट सांगावं की, मालक."

भाऊसाहेबांनी त्याला फिल्मच्या डब्यांपाशी नेऊन बसवलं. तिथं काय बिघडवणार? धुळाप्पानं डबे उघडून उन्हात ठेवले.

"समदी मानसं यातच हायत म्हनं. गुदमरतील की!"

सगळं चित्रण वाया गेलं. भाऊसाहेब चक्क रडले.

"फिल्मवर उजेड पडता कामा नये! कुणीही सांगो. अगदी मी सांगितलं तरी ऐकू नकोस!"

"जी मालक."

सगळा सिनेमा पुन्हा काढला. खेळाच्या दिवशी तंबू भरला. पुढं महाराज खुर्चीत, त्यांच्या पाठीशीच सिनेमा दाखवायचं यंत्र. पडद्यावर नायक घसरला. महाराजांनी जांभई दिली.

धुळाप्पानं हे यंत्र पहिल्यांदाच पाहिलं. फिल्मवर ढणढणीत उजेड! त्यानं खांद्यावरचं घोंगडं टाकून दिवाच झाकला. तंबूत मिट्ट काळोख.

"घोंगडं काढ!"

"काडायचं न्हाई. मालकांचा हुकूम हाय."

"अरे, मीच मालक!"

"मालकांनी सांगितलं तरी ऐकू नको, असं मालकांनीच सांगितलंय!"

काळोखात कुणीतरी फिस्सकन हसलं. ते महाराज होते. मग सगळा तंबू हसायला लागला. कंदील आणला तर महाराज पोट धरून हसताहेत, डोळ्यांतून पाणी. भाऊसाहेबांनी हात जोडले. मिळाली जागा!

हसता हसता महाराज मागं रेलले आणि खुर्ची कलली. मागं उभा होता फक्त धुळाप्पा.

"धर, धुळाप्पा, धर!" भाऊसाहेब किंचाळले.

धुळाप्पा बाजूला सरकला. महाराज खुर्चीसकट धाडकन जमिनीवर.

आणि धुळाप्पा दोन्ही हातांनी यंत्राला मिठी मारून ओरडला, "धरलंय, मालक! धक्कासुदिक लागू दिला न्हाई!"