दहा मिनिटं पुढे

“चारही मठांत एकच नोंद?” रंगनाथबुवांनी विचारलं.

“एकच,” त्र्यंबक म्हणाला. “एका काना-मात्रेचा फरक नाही. मी सकाळीच पडताळून पाहिलंय.”

त्याने चार छापील कागद बुवांच्या पुढ्यात ओळीने मांडले. चारही कागदांवर विश्वंभरचं नाव होतं आणि नावापुढे एकच शब्द. वर्ज्य.

विश्वंभर हा त्याचा गुरुबंधू. काल पहाटे घाटावरच्या ओवरीत मरून पडलेला सापडला. नऊ दिवस तापाने फणफणत तो तिथेच होता. मठाचं दार त्याला उघडलं नाही, असं गावात जो तो बोलत होता, आणि बोलताना त्र्यंबकचं नाव घेत होता. घाटावरचा मठ त्र्यंबककडे होता ना! म्हणून तो आज पायऱ्या चढून थोरल्या मठात आला होता. बुवांच्या तोंडून त्याला एवढंच ऐकायचं होतं, की बाबा रे, यात तुझा दोष नाही.

“दारावरच्या धोंडिबाने यादी पाहिली,” तो म्हणाला. “यादीत वर्ज्य होतं. त्याने नाही म्हटलं. त्याचं तरी काय चुकलं?”

बुवांनी एक कागद उचलून पाहिला आणि परत खाली ठेवला.

“विश्वंभर चार दिवसांची रजा घेऊन बहिणीकडे गेला आणि चौदा दिवस राहिला. निरोप नाही, काही नाही. नियम तुम्हीच घालून दिलेला. चौदाव्या दिवशी आरती झाली आणि मी नाव वर्ज्य केलं.”

“बहीण वारली त्याची.”

“ते मला ठाऊक नव्हतं.”

“मला त्याच संध्याकाळी कळलं,” बुवा म्हणाले. “आरती झाल्यावर बहिणीच्या घरून त्याचा फोन आला. रडत होता. येऊ का, म्हणाला. ये म्हटलं. आणि इथल्या संगणकापुढे बसून स्वतःच्या हाताने लिहिलं, विश्वंभर यास प्रवेश आहे.”

त्र्यंबकने कागदांकडे पाहिलं. मग बुवांकडे. बुवांचं वय झालंय, कुठलं तरी भलतंच बटण दाबलं असेल, असं त्याच्या मनात आलं. ते त्याने बोलून दाखवलं नाही, पण तोंडावर दिसायचं ते दिसलंच.

“तसं होणार नाही, बुवा. चारही यंत्रं एकमेकांना सगळं सांगतात. इथे लिहिलं की घटकाभरात तिथे उमटतं.”

“आणि दोन ठिकाणी दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या तर?”

त्र्यंबकला जरा बरं वाटलं. हा प्रश्न त्याच्या अंगणातला होता. संन्यास घेण्याआधी शहरात बारा वर्षं त्याने हेच केलं होतं, आणि ही व्यवस्था त्यानेच उभी केली होती. आपल्यावाचून चारही मठांचं पान हलत नाही, हे तो जाणून होता. इतरांनीही जाणून असावं, अशी त्याची इच्छा असे.

“मग यंत्र वेळ बघतं,” तो म्हणाला. “ज्याची वेळ नंतरची, ते खरं. आधीचं पुसून जातं. चारही ठिकाणी.”

“किती वाजले?” बुवांनी विचारलं.

त्र्यंबकने मनगटाकडे पाहिलं. “पाच वीस.”

बुवांनी कोनाड्यातलं घड्याळ उचललं आणि त्याच्यासमोर धरलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

“माझं पुढे असतं,” त्र्यंबक म्हणाला. “मी सगळीच घड्याळं दहा मिनिटं पुढे ठेवतो. माझ्या मठात काकडआरतीला कधी कुणाला उशीर...”

तो थांबला.

काकडआरतीची घंटा यंत्रावर लावलेली होती. म्हणून यंत्राचं घड्याळही त्याने पुढे केलं होतं. स्वतःच्या हाताने. चारही मठांत आपला मठ सगळ्यांत आधी उठतो, हे त्याने आल्यागेल्याला किती वेळा सांगितलं होतं.

“मी सात वाजून आठ मिनिटांनी लिहिलं,” बुवा म्हणाले. “तू?”

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत वेळ छापलेली होती. सात तेरा. त्यातली दहा वजा करायला शहाण्या माणसाला किती वेळ लागतो? त्र्यंबकला लागला. त्याने खरंतर बुवांच्या आधी लिहिलं होतं, सात वाजून तीन मिनिटांनी. क्षमा त्याच्या मागून आली होती. आणि यंत्राने ती शिळी म्हणून पुसून टाकली होती. चारही मठांतून. एका काना-मात्रेचा फरक न ठेवता.

तो घाईघाईने कागद गोळा करायला लागला.

“आत्ता दुरुस्त करतो,” तो पुटपुटला. “घड्याळ मागे घेतो. त्याचं नाव परत...”

“घे.”

तो उठला नाही. उठून कुणासाठी दुरुस्त करायचं, हे त्यालाही कळत होतं.

मग एकदम त्याला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, तो बुवांचा आला.

“तुम्ही मला सांगितलं का नाही?” तो म्हणाला. “एक फोन. क्षमा केलीय, दार उघड, एवढंच. मी काय ऐकलं नसतं?”

“लिहिलं की आपोआप सगळीकडे पोचतं, असं तूच शिकवलंस.” बुवा खिडकीकडे पाहत होते. खाली नदी होती, घाट होता आणि घाटाच्या कडेला ती ओवरी. “रोज सकाळी इथे बसतो मी. ओवरीत कुणी तरी पडलंय, हे दिसत होतं. असेल कुणी वाटसरू, म्हटलं. विश्वंभर तर आत पोचलाय. लिहिलंय ना मी...”

खालच्या मठातली संध्याकाळची घंटा वाजली. नेहमीप्रमाणे, सगळ्यांच्या आधी.

त्र्यंबकने बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. “चूक माझी आहे, बुवा. त्याला मी मारलं.”

बुवांनी पाय मागे घेतले.

“तुझी दहा मिनिटं,” ते म्हणाले. “नऊ दिवस माझे.”