हात लावून कौतुक

"मग तिनं ऑपरेशनला नाही म्हटलं का?"

"नाही ना, सिस्टर! तेच तर! सगळ्याला 'सी, दोक्तोर' म्हणाली. हो डॉक्टर, हो डॉक्टर. आणि परत फिरकलीच नाही."

वरद चुरी टेक्सासमधल्या एका दवाखान्यात लहान मुलांचा डॉक्टर. सुट्टीवर वसईला घरी आला होता, गुरुवारी परत निघायचं होतं. तिकडे रोसारिओ नावाच्या ग्वाटेमालाच्या बाईचं सात महिन्यांचं बाळ त्याच्याकडे आलं होतं. हृदयाला भोक. वेळेत ऑपरेशन झालं तर पोर धावेल, खेळेल. नाही झालं तर... वरद ते वाक्य पुरं करत नसे.

म्हणून तो सिस्टर एडविना तुस्कानोंकडे आला होता. सिस्टरांनी छत्तीस वर्षं ग्वाटेमालाच्या डोंगरांत बाळंतपणं केलेली. आता मठाच्या अंगणात तोंडलीच्या वेलाला मांडव बांधत होत्या.

"स्पॅनिशसाठी तीन वर्षं घासली मी," वरद म्हणाला. "परीक्षेत पहिला आलो. तरी घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नाही. माझी चूक तेवढी दाखवा."

"बोलून दाखव."

वरदनं बाळाचा आजार सांगितला, भूल सांगितली, टाके सांगितले. कुठे अडखळणं म्हणून नाही. स्वारी खूश होती स्वतःवर!

"अरे वा! काय गोड बोलतोस रे!" असं म्हणत सिस्टरांनी मातीचा हात तसाच त्याच्या गालाला लावला.

वरद मागे सरकला. "हे काय, सिस्टर?"

"छत्तीस वर्षांची सवय. तिकडे लेकराचं कौतुक केलं की हात लावायचा. नुसतं बघून, नवल करून निघून गेलं, की दृष्ट लागते म्हणतात."

वरद हसला. आणि हसता हसता थांबला...

त्या दिवशी बाळाला तपासून त्यानं हात धुतले होते. मग दारातून वळून अगदी शुद्ध स्पॅनिशमध्ये म्हणाला होता, 'काय सुंदर डोळे आहेत हो याचे!' आणि रोसारिओनं बाळाचं तोंड शालीत झाकून घेतलं होतं. त्याला वाटलं, थंडी वाजत असेल.

"पण सिस्टर... मी असलं काही मानत नाही."

"मी तरी कुठे मानते? तू अमेरिकेला निघालास तेव्हा आईनं काय केलं?"

"...मीठ-मोहऱ्या ओवाळल्या."

"आणि तू?"

"गप्प उभा राहिलो."

"का रे? एवढा शिकलेला तू!"

वरदला आईचा तेव्हाचा घाबरा चेहरा आठवला. बिचारा पार ओशाळला.

"सहा वेळा फोन केला, ती उचलत नाही," तो हळूच म्हणाला. "निरोप पाठवतो. काय बोलू?"

"जे चुकलं ते."

वरदनं मोबाइल तोंडापाशी धरला. पाठ केलेलं सगळं गेलं बाजूला. स्पॅनिशमध्ये एवढंच बोलला, "रोसारिओबाई, तुमच्या बाळाचं कौतुक केलं आणि हात न लावताच निघून गेलो. चुकलं माझं."

पाच मिनिटं गेली... दहा... सिस्टर आपल्या सुतळी गुंडाळत होत्या.

आणि फोन वाजला!

रोसारिओच होती. भडाभडा बोलत होती. या वेळी एकदाही 'सी' नाही, नुसते प्रश्नावर प्रश्न. किती वेळ लागेल, रडला तर काय, दूध कधी पाजू. वरद आनंदानं उत्तरं देत सुटला. मग एका प्रश्नाला मात्र अडला. फोनवर हात ठेवून सिस्टरांकडे वळला.

"सिस्टर, ती म्हणते, ऑपरेशनच्या दारात मला थांबवतील. तिथून आत त्याला कडेवर घेऊन कोण जाणार?... याला स्पॅनिशमध्ये काय सांगू?"

"आधी मराठीत सांग," सिस्टर म्हणाल्या. "तू नेशील?"