दव न मोडणारा रथ

एका नदीच्या काठी विश्वंभर नावाचा एक रथकार राहत असे. त्याच्या रथशाळेत युद्धाचे रथ घडत. भुईत दगडी साचे बसवलेले होते. वाफवलेले लाकूड त्यांत दाबले की जाड, अढळ चाके तयार होत. ते साचे त्याच्या वडिलांनी कोरले होते.

एका शरदात राजा स्वतः रथशाळेत आला. राजमाता फार थकली होती. कुरणापलीकडच्या देवीचे एकदा दर्शन घ्यावे, एवढीच तिची इच्छा उरली होती. पण तिला धक्का सोसवत नसे.

"दवावरून गेला तरी दव मोडू नये, असा रथ हवा," राजा म्हणाला. "त्यास काय लागेल?"

"सगळे साचे फोडून नवे कोरावे लागतील, महाराज. हात बसेपर्यंतची चाके जळणात जातील. तोवर दुसरा एकही रथ होणार नाही."

"ते सोसणार असलास, तरच हो म्हण."

विश्वंभर हो म्हणाला.

रथशाळेत घण वाजू लागले. सांगाड्याचे साचे फुटले. चाकांच्या साच्यांपाशी येताच त्याने कारागिरांना थांबवले.

"हे राहू द्या. वडिलांच्या हातचे आहेत."

बोलण्यात वडील होते; मनात मात्र युद्धरथांच्या मागण्या हातच्या जाण्याची भीती होती.

रथ झाला. शिंपल्यासारखा शुभ्र. पहाटेच्या धुक्यात तो जमिनीला टेकलाच नाही, असे वाटे. राजमाता त्यात बसली; विश्वंभर बाजूने चालू लागला. अर्धे कुरण ओलांडले नाही, तोच तिने बरगड्या घट्ट धरल्या. मागे दवात दोन खोल, काळ्या रेघा उमटल्या होत्या.

"परत फिरवा," ती म्हणाली. मग रथकाराकडे पाहून क्षीण हसली. "रथ नवा आहे हो. चाकं मात्र अजून लढाईवरच निघाली आहेत."

विश्वंभर रथशाळेत परतला. त्याने साच्यांना नमस्कार केला आणि घण स्वतः उचलला. त्या हिवाळ्यात त्याच्या चुलीत चाकेच जळत होती. मागण्या दुसऱ्या गावी गेल्या. तो रोज राजमातेच्या आयुष्यासाठी देवीला हात जोडी आणि कामाला लागे.

थंडी सरत आली. पुन्हा तेच धुके, तेच कुरण. रथ असा चालला की गवतातला पक्षीही उडाला नाही. राजमातेचा डोळा लागला. घंटा वाजली, तेव्हा तिला जाग आली.

"आपण अजून निघालो नाही का रे?" तिने राजाला विचारले.

समोर देवीचा गाभारा उजळला होता.

तात्पर्य: नवे घडवण्याचे वचन देणाऱ्याने जुने मोडण्याचे मोल पुरे द्यावे. त्यातले जेवढे तो चोरून राखतो, तेवढा धक्का त्याच्यावर विश्वासलेल्याला बसतो.